लाल देऊळ माहितीपुस्तिका : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पुण्याच्या लष्कर भागातील ओहेल दाविद या सिनेगॉगविषयी, म्हणजे ज्यूंच्या (यहुद्यांच्या) प्रार्थनास्थळाविषयी, सोळा पानांची मराठी माहितीपुस्तिका करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मजकूर माझ्याकडे आहे, रेखाटने वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोन विद्यार्थिनींकडे आहेत आणि बेने इस्रायल या कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, मजकूर तपासून देणार आहेत.

पहिली अडचण मुखपृष्ठावरच आली. पुण्यात कोणालाही ‘ओहेल दाविद’ कोठे आहे असे विचारले तर तो खांदे उडवतो, पण ‘लाल देऊळ’ म्हटले की रिक्षावालासुद्धा पुढचे काही विचारत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही इमारत चर्च वाटते. त्यात भर म्हणजे कोकणातून आलेले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला पिढ्यान्‌पिढ्या ‘मशीद’ म्हणत आले आहेत. मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरील शाअर हारहमीम सिनेगॉग, जे १७९६ साली स्थापन झाले, ते समाजात ‘जुनी मशीद’ याच नावाने ओळखले जाते. म्हणजे देवळाचे नाव, चर्चचे रूप आणि मशीद हा घरगुती शब्द, असे तिन्ही एकाच प्रार्थनास्थळाच्या वाट्याला आले आहेत. ‘लाल देऊळ’ मोठ्या अक्षरांत आणि ‘ओहेल दाविद’ त्याखाली, असे तूर्त ठरले.

ओहेल म्हणजे तंबू. ओहेल दाविद म्हणजे दाविदाचा तंबू. हिब्रूमध्ये थोर व्यक्तीच्या कबरीवर उभारलेल्या छोट्या वास्तूलाही ओहेल असेच म्हणतात. येथे आवारातच हे सिनेगॉग बांधवणारे व्यापारी डेव्हिड ससून यांची समाधी असल्यामुळे हा दुसरा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो आणि तो पुस्तिकेत घ्यायचा आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२५

सकाळी साडेसातला मोलेदिना रस्त्याच्या बाजूने बाहेरून पाहणी केली. आत जाण्याची परवानगी अजून मिळालेली नाही आणि फाटकापाशी पोलीस बंदोबस्त असल्याने कॅमेरा पिशवीतच ठेवला. मुंबईतील २००८ चा हल्ला आणि पुण्यातील २०१० चा स्फोट यांनंतर ही काळजी समजण्यासारखी आहे, त्यामुळे त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

बांधकाम लाल विटांचे आहे आणि त्याला काळसर करड्या दगडाची जोड आहे. हा दगड म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा कातळ, भूशास्त्राच्या भाषेत बेसाल्ट आणि इंग्रज अभियंत्यांच्या भाषेत ‘ट्रॅप’. खिडक्यांना वर निमुळत्या होत टोकाला मिळणाऱ्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीच्या, कमानी आहेत आणि साऱ्या इमारतीवर नजर खेचून घेणारा, नव्वद फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा आहे. घड्याळ लंडनहून आणवले होते.

विद्यार्थिनींपैकी एकीने चांगला प्रश्न विचारला : पुण्यात दगड मुबलक असताना वीट कशासाठी? माझे उत्तर असे की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील गॉथिक पुनरुज्जीवनात लाल वीट आणि रंगांचा विरोध साधणारा दगड यांची मोठी हौस होती, आणि ती हौस लष्करी अभियंत्यांबरोबर येथपर्यंत आली. मात्र हे उत्तर अर्धेच आहे. खाली दगड आणि वर वीट ही जोडी पुण्याला मुळीच नवी नव्हती. १७३२ साली पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या तटाकडे पाहिले तरी खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा दिसतो. फरक विटेच्या जातीत आहे. पेशवाईतील वीट चपटी आणि पातळ, चुन्याच्या जाड थरात बसवलेली असते. लाल देवळाची वीट जाड आणि एकसारख्या मापाची आहे, आणि दरजा इतक्या सरळ आहेत की भिंत पट्टीने आखल्यासारखी वाटते. मुंबईत गॉथिक इमारती मुख्यतः दगडाच्या दिसतात. म्हणून मुंबईकराला ही इमारत परकी वाटेल, पुणेकराला निदान भिंतीपुरती तरी ओळखीची वाटावी. हा परिच्छेद पुस्तिकेत राहिलाच पाहिजे.

आणखी एक निरीक्षण. सिनेगॉगला मनोरा असावाच लागतो असे नाही, कारण तेथे घंटा वाजवून लोकांना बोलावण्याची रीत नाही. चर्चचा मनोरा घंटेसाठी असतो; येथे त्याच जागी घड्याळ बसले. ज्या काळात खिशातले घड्याळ ही श्रीमंतांची चीज होती, त्या काळात साऱ्या लष्कराला वेळ दाखवणारा मनोरा म्हणजे यहुदी नसलेल्या माणसालाही रोज उपयोगी पडणारे दान होते.

मंगळवार, २१ जानेवारी २०२५

आजचा दिवस इतिहासाच्या मजकुरात गेला. मांडणी अशी केली आहे :

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. त्यांचे वडील तेथील पाशाचे, म्हणजे उस्मानी सुभेदाराचे, खजिनदार होते. दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यूंचा छळ वाढला तेव्हा कुटुंबाने बगदाद सोडले आणि इराणच्या किनाऱ्यावरील बुशहरमार्गे डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारावर त्यांनी जी पेढी उभी केली तिच्या शाखा मुलांच्या हाती शांघाय, हाँगकाँग आणि लंडनपर्यंत पसरल्या. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा त्यांनी सही हिब्रूत केली. इंग्रजी त्यांनी कधी आपलेसे केले नाही आणि बगदादी पेहरावही अखेरपर्यंत सोडला नाही.

‘अफू’ हा शब्द ठेवावा की ‘विविध मालाचा व्यापार’ असे मोघम लिहावे, यावर आमच्यात वाद झाला. मी तो शब्द ठेवला आहे. चीनला जाणारी अफू वगळली तर एवढा पैसा आला कोठून, हे वाचकाला कळणार नाही, आणि पुणेकर ज्या दवाखान्याला नुसते ‘ससून’ म्हणतो त्याच्या पायातही तोच पैसा आहे.

लाल देवळाचे बांधकाम १८६३ मध्ये सुरू होऊन १८६७ मध्ये पूर्ण झाले. या चार वर्षांकडे नीट पाहिले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ मध्येच बोरघाटातील रेल्वेमार्ग खुला झाला आणि पुणे मुंबईच्या व्यापाऱ्याच्या टप्प्यात आले. पावसाळ्यात गव्हर्नर आपला मुक्काम पुण्यास हलवीत, त्यांच्यामागे कचेऱ्या येत, आणि कचेऱ्यांमागे ज्यांना कचेरीत काम आहे ते सारे येत. ससूनांनीही पुण्यात ‘गार्डन रीच’ हे निवासस्थान बांधले. घर झाले की प्रार्थनेची जागा हवी, कारण शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या, दिवशी वाहनात बसता येत नाही आणि सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष चालत पोहोचतील एवढ्या अंतरावर ती जागा असावी लागते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. ससूनांची पेढी मात्र केवळ कापसावर उभी नसल्यामुळे तगली आणि बांधकाम पुरे झाले.

ते पाहायला डेव्हिड ससून राहिले नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले आणि अर्धवट उभ्या असलेल्या इमारतीशेजारी, त्याच आवारात त्यांची समाधी बांधण्यात आली.

गुरुवार, ३० जानेवारी २०२५

परवानगी मिळाली. ओळखपत्रांच्या प्रती आधीच दिल्या होत्या. छायाचित्रे नाहीत, मोजपट्टी नाही, डोके झाकलेले हवे, एवढ्या अटी होत्या. मी रुमाल बांधला. काकांनी तो पाहून खिशातून स्वतःची जादा टोपी काढून दिली.

बाहेरच्या इंग्रजी थाटानंतर आतली रचना एकदम वेगळ्या शिस्तीची आहे, आणि माझ्या मते या इमारतीची खरी गंमत येथेच आहे. चर्चमध्ये सगळे लक्ष टोकाच्या वेदीकडे असते आणि बाके ओळीने तिकडे तोंड करून मांडलेली असतात. सिनेगॉगच्या सभागृहाला दोन केंद्रे असतात. एक हेखल, म्हणजे चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या (यहुदी धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या ठेवण्याची जागा. ती जेरुसलेमच्या दिशेला असते, आणि भारतातून जेरुसलेम पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडील सिनेगॉगमध्ये प्रार्थनेचे तोंड पश्चिमेकडे होते. दुसरे केंद्र तेबा, म्हणजे सभागृहाच्या मध्यभागी असलेला कठडा घातलेला चौथरा, ज्यावर उभे राहून हज्जान प्रार्थना चालवतो आणि तोरा वाचली जाते. प्रार्थना करणारे तेब्याभोवती बसतात. त्यामुळे वाचन कोणाच्या समोर होत नाही, सर्वांच्या मध्ये होते. बायकांसाठी वर सज्जा आहे.

गॉथिक पद्धतीचे लांबट, उंच सभागृह हे मुळात एका टोकाकडे चालत जाण्यासाठी घडवलेले असते. त्याच्या पोटात मध्यभागी बसण्याची रचना बसवायची म्हणजे वास्तुकाराला दोन उलट ओढींचा मेळ घालावा लागतो. तेब्याजवळ उभे राहिलो तेव्हा खांब आणि कमानी डोळ्याला पश्चिमेकडे नेत होत्या आणि बाके पाठीला धरून मध्येच थांबवत होती.

खिडक्यांतून उतरणारा उजेड सौम्य आहे. सिनेगॉगला खिडक्या असाव्यात हा धर्मशास्त्राचा जुना आग्रह आहे, कारण दानिएल संदेष्टा जेरुसलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी प्रार्थना करीत असे. गॉथिक शैलीचा सारा जीव खिडक्यांत असल्याने या एका बाबतीत इंग्रज अभियंता आणि यहुदी परंपरा यांचे भांडण होण्याचे कारणच नव्हते.

बगदादी परंपरेत हेखल हे नुसते कपाट नसून आत पाऊल टाकता येईल असे दालन असते, आणि त्यात तोराच्या गुंडाळ्या लाकडाच्या किंवा धातूच्या गोलसर डब्यांत उभ्या ठेवतात. या डब्याला तिक म्हणतात. वाचताना गुंडाळी डब्यातून काढत नाहीत. डबा पुस्तकासारखा दुभंगतो आणि आतील चर्मपत्र उभेच वाचले जाते. युरोपातील यहुदी गुंडाळीला मखमलीचे आच्छादन घालतात आणि वाचताना ती आडवी पसरतात.

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

काल बाहेर पडल्यावर दोघी विद्यार्थिनी समोरच्या इराणी हॉटेलात बसल्या आणि एकमेकींशी न बोलता, आठवणीवरून आतला आराखडा काढू लागल्या. आज दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एकीच्या कागदावर सज्ज्याचे खांब जास्त आहेत, दुसरीच्या कागदावर तेबा हेखलाकडे सरकला आहे. चूक कोणाची हे ठरवण्यासाठी पुन्हा जाऊन, बाकावर शांत बसून मोजावे लागेल. मोजमापाशिवाय काढलेल्या प्रत्येक रेखाटनाखाली ‘प्रमाणबद्ध नाही’ असे छापायचे ठरले. आज संध्याकाळी शब्बाथ लागत असल्याने काकांना फोन करायचा नाही, हे येथेच नोंदवून ठेवतो, कारण मागच्या शुक्रवारी मी विसरलो होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

लाल देवळाचा आराखडा लष्करी अभियंता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याचा. त्याच्या कामाची तुलना व्हावी म्हणून आज ससून रुग्णालयाची जुनी इमारत आणि येरवड्याजवळचे डेक्कन कॉलेज अशा दोन ठिकाणी फिरलो, दोन्ही त्याचीच. रुग्णालयाची इमारत १८६७ मध्ये आणि कॉलेजची १८६८ मध्ये वापरात आली. म्हणजे एकाच माणसाच्या कागदावर एकाच सुमारास यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, यहुद्याच्या देणगीचा दवाखाना आणि सर जमशेटजी जीजीभाई या पारशाच्या देणगीचे कॉलेज अशा तीन इमारती होत्या, आणि तिन्हींसाठी त्याने गॉथिकच वापरले. भूजचा प्राग महाल, ज्याचे काम १८६५ साली सुरू झाले आणि ज्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याला २००१ च्या भूकंपात इजा पोहोचली, तोही विल्किन्सचाच; मुंबईचे जुने सचिवालयही त्याचेच.

यावरून ‘सिनेगॉग चर्चसारखे का दिसते’ या प्रश्नाचे माझे उत्तर आता पक्के झाले. विल्किन्सच्या लेखी गॉथिक ही ख्रिस्ती शैली नव्हतीच. ती सरकारी, प्रतिष्ठित, चांगल्या इमारतीची शैली होती. यहुदी धर्मशास्त्रानेही सिनेगॉगचे बाह्य रूप ठरवून दिलेले नाही. ज्या देशात समाज राहतो तेथील चालीचा अंगरखा इमारतीने घालावा, असेच जगभर घडत आले आहे. ससूनांच्या काळी सत्तेचा अंगरखा इंग्रजी होता. वीस वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यांचे नातू जेकब ससून यांनी मुंबईच्या काळा घोडा भागात कनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग बांधले तेव्हा तो अंगरखा निराळ्या कापाचा झाला होता. पुस्तिकेत या मुद्द्याला पूर्ण पान दिले आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

आजची बैठक रद्द. काका कुटुंबासह अलिबागजवळ सागावला गेले आहेत. ज्यू पंचांगातील शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी बेने इस्रायल तेथे एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ आणि फळे. तेथील कातळावरील खुणा एलियाहूच्या रथाच्या, अशी श्रद्धा आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

काकांनी मसुदा लाल शाईने भरून परत आणला. सोबत मलिद्याचे खोबरेही होते. आजच्या दोन तासांत जितके शिकलो तितके महिनाभरात शिकलो नव्हतो.

मी हेखलासाठी ‘गाभारा’ लिहिले होते. काकांनी त्या शब्दाभोवती दोनदा वर्तुळ काढले होते. ते म्हणाले, “गाभारा म्हटलं की मूर्ती आली. आमच्याकडे आत फक्त अक्षरं आहेत.” हज्जानाला ‘पुजारी’ म्हटले होते, तेही गेले, कारण तेथे पूजा नाही आणि हज्जान देव आणि माणूस यांच्या मधला कोणी नाही. तेब्याला ‘व्यासपीठ’ म्हटले तर भाषणाचा वास येतो, म्हणून मूळ शब्दच ठेवला. मात्र हेखलासमोर अखंड तेवणाऱ्या नेर तामिदला मी भीतभीत ‘नंदादीप’ लिहिले होते, त्यावर काकांची बरोबरची खूण होती. “आमची आजी नंदादीपच म्हणायची. तेल कमी झालं की ओरडायची.” ज्या समाजाला कोकणात शनिवारी तेलघाणा बंद ठेवण्यावरून ‘शनवार तेली’ म्हणत, त्या समाजातील आजीचे तेलाकडे लक्ष असणार, असे मी म्हटले. काका हसले, पण हे छापू नका म्हणाले, म्हणून ते फक्त येथे.

समाधीचा परिच्छेदही सुधारला. यहुदी रीतीप्रमाणे दफनभूमी वस्तीपासून दूर असते, आणि कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातील पुरुष, कबरीजवळ जाण्याचे टाळतात. प्रार्थनास्थळाच्या आवारात कबर असणे म्हणूनच वेगळे आहे. मी ‘ससूनांचा मान म्हणून’ एवढेच लिहिले होते. काकांनी कोहेनांविषयीचे वाक्य घालायला लावले. समाधीवर हिब्रू लेख आहे.

अफूबद्दल त्यांना स्वतःहून विचारले. ते म्हणाले, “लिहा की. दवाखान्यावर ज्याचं नाव आहे त्याचा धंदा लोकांना कळला म्हणून दवाखाना पडत नाही.”

शेवटी त्यांनी एक उणीव दाखवली, जी मला स्वतःला दिसायला हवी होती. सोळा पानांत मी ससूनांवर, विल्किन्सवर आणि विटांवर लिहिले होते. तेथे रोज दिवा लावणाऱ्यांवर एक ओळ नव्हती.

रविवार, २ मार्च २०२५

ती उणीव भरून काढण्यासाठी आज रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो सिनेगॉगकडे गेलो. हे १९२१ चे, बेने इस्रायलांचे. पेठेतील घरांच्या रांगेत बसलेले, मनोऱ्याचा तोरा नसलेले. एकाच शहरात थोड्या अंतरावर दोन सिनेगॉग का, याचे उत्तर दोन समाजांच्या इतिहासात आहे.

बेने इस्रायल कोकणात शतकानुशतके राहिलेले. घरात मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : दिवेकर, किहीमकर, पेणकर, चौलकर. कंपनीच्या पलटणींत, पुढे रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकऱ्या करीत ते पुण्यास आले. बगदादी ज्यू एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आलेले, घरात अरबी बोलणारे आणि पुढे इंग्रजीकडे वळलेले. धर्म एकच असला तरी बगदाद्यांनी बेने इस्रायलांना अनेकदा पूर्ण बरोबरीने वागवले नाही; तोरावाचनासाठी बोलावण्यापासून लग्नसंबंधांपर्यंत ते अंतर जाणवत असे. म्हणून बेने इस्रायलांनी आपली प्रार्थनास्थळे स्वतःच्या वर्गणीतून उभी केली.

स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि इतरत्र गेली. बेने इस्रायलांपैकीही बहुतेक इस्रायलला गेले. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६,५०० ज्यू होते, २०११ मध्ये ती संख्या पाच हजारांच्या आत आली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज लाल देवळात प्रार्थनेला जे जमतात ते प्रामुख्याने बेने इस्रायल आहेत. बगदादी धनिकाने इंग्रज अभियंत्याकडून बांधून घेतलेली इमारत मराठी बोलणाऱ्यांनी राखली आहे. हा मजकूर मी बाराव्या पानावरून तिसऱ्या पानावर आणला. ससूनांचे पान त्यामुळे मागे गेले, ते गेलेलेच बरे.

बुधवार, १२ मार्च २०२५

अंतिम मुद्रित तपासले. ‘सिनेगॉग’ सर्वत्र एकसारखे केले; तीन ठिकाणी ‘सिनॅगॉग’ राहून गेले होते. पहिल्या पानावरील ओहेल शब्दाचे दोन्ही अर्थ राहिले. आतल्या आराखड्यासाठी दोघी पुन्हा जाऊन बाकावर बसून आल्या. खांब पहिलीचे बरोबर निघाले, तेब्याची जागाही तिचीच. दुसरीने मुकाट्याने शाई भरली.

परिशिष्टात बेने इस्रायलांची सणांची जुनी मराठी नावे घेतली आहेत : रोश हशानाला नव्याचा सण, योम किप्पुरला दारफाळणीचा सण, आणि पुरीमला होळीचा सण. छापखाना होळीमुळे दोन दिवस बंद आहे. काकांना सही केलेले मुद्रित कधी न्यायला येऊ असे विचारले, तर म्हणाले, “होळीचा सण झाल्यावर या.” उद्या संध्याकाळी होळी आहे आणि यंदा पुरीमही उद्या संध्याकाळीच लागतो, त्यामुळे त्यांनी कोणती होळी धरली हे विचारण्याची गरज पडली नाही. सोमवारी सकाळी जाणार.